रोलंड एसपी-४०४ एमके टू: आधी वाजवा, रेकॉर्डचं मग बघू

आधीच सांगते, हा या सँपलरचा (आवाज आत घेऊन पॅडवर वाजवायचं मशीन) टेक्निकल रिव्ह्यू नाहीये. स्पेसिफिकेशन वाचायची असतील तर कंपनीच्या पानावर आहेत आणि अनबॉक्सिंगचे व्हिडिओ तर पैशाला पासरी पडलेत. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, जो घ्यायच्या आधी मला पडला होता आणि ज्यावर कुणी धड बोलत नव्हतं. डोकं ठप्प झालेलं असताना, काही म्हणजे काही सुचत नसताना, आणि सुचलंच तर ते भंगार वाटत असताना, नवीन मशीन घेऊन काही फरक पडतो का, का नुसता अजून एक हप्ता चालू होतो? माझं उत्तर: पडतो, पण लोक ज्या कारणासाठी हे मशीन घेतात त्या कारणाने नाही.

माझी केस अशी. दिवसा बाणेरला एका ई-लर्निंग कंपनीत ऑडिओ एडिटिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापायचे, माइकवर आदळलेले 'प' आणि 'फ' मऊ करायचे, कुठे खुर्ची करकरली ते शोधायचं. चुका ऐकू येण्याचा मला पगार मिळतो. मग रात्री सिंहगड रोडला घरी पोचायचं, जेवायचं, हेडफोन घालायचे आणि स्वतःचं इलेक्ट्रॉनिक काहीतरी करायला बसायचं, आणि बसायचं तेच कान घेऊन, दुसरे कुठून आणणार. आठ बारचा लूप (फिरत राहणारा छोटा तुकडा) बनवायचा, तो तासभर ऐकायचा, किक (ड्रमचा जाड ठोका) बदलायची, परत जुनी लावायची, हाय-हॅट (बारीक झांजेचा ठोका) अर्धा डेसिबल खाली, मग यूट्यूबवर कुणाचा तरी ट्रॅक लावायचा आणि आपलं किती पोकळ आहे याची खात्री करून लॅपटॉप मिटायचा. हे असं पुष्कळ महिने चाललं. मधे तर लॅपटॉप उघडणंच बंद झालं होतं, कुणी विचारलं की सध्या ऑफिसचं काम फार आहे म्हणायचं.

२०२२ ला पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता, आठवतंय का? केवढा वाद झाला होता तेव्हा. तसला परीक्षक माझ्या डोक्यात कायमचा पहिल्या रांगेत बसलाय, फक्त हा नाटक संपायची पण वाट बघत नाही, पडदा वर जायच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

आणि कॉम्प्युटरवर त्याचं फार फावतं. एबलटन लाइव्ह (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, मी अजूनही शेवटचं काम त्यातच करते, पण तिथे कुठलाच निर्णय कधी पक्का होत नाही. सगळं कायम उघडं. सहा महिन्यांपूर्वीचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) आजही बदलता येतो, म्हणजे आजही तो बरोबर आहे का यावर डोकं खपवता येतं. शिवाय समोर स्क्रीन असते. आवाज ऐकायच्या आधी दिसतो. ग्रिडवर एक ठोका जरा पुढे पडलेला दिसला की हात तिकडे जातोच, मग तो कानाला चांगला का लागत असेना.

तर मशीन. एसपी-४०४ ही मालिका २००५ पासून चालू आहे, त्याआधी बॉस कंपनीच्या नावाने एसपी-३०३ होतं (बॉस म्हणजे रोलंडचंच घर). हे एमके टू २०२१ ला आलं. सँपलर आहे, म्हणजे स्वतःचा आवाज जवळपास काही नाही, तुम्ही जे कोंबाल ते वाजवणार. सोळा मोठे रबरी पॅड, किती जोरात मारलं ते कळणारे, वर तीन गोल नॉब, एक छोटीशी ओएलईडी स्क्रीन, आत १६ जीबी जागा. वजन साधारण किलोभर, त्यामुळे बॅगेत टाकून कुठेही नेता येतं. एए साइझच्या सहा बॅटऱ्यांवर चालतं, पण त्या दोन-तीन तासांतच मान टाकतात, म्हणून मी सरळ मोबाइलची पॉवर बँक यूएसबी-सीला लावते. लॉस एंजेलिसच्या बीटवाल्या पोरांनी या मालिकेला डोक्यावर घेतलं आणि मग लो-फाय हिप-हॉपची जी लाट आली त्यात हे मशीन म्हणजे जवळपास गणवेशच झाला. लोक घेतात ते त्या धुरकट, कॅसेटसारख्या आवाजासाठी. विनाइल सिम्युलेटर, कॅसेट सिम्युलेटर, डीजे-एफएक्स लूपर, सगळं आहे आणि सगळं छान आहे. पण तेवढ्यासाठी एवढे पैसे घालू नका. तो आवाज कॉम्प्युटरवर प्लगइनने बऱ्यापैकी काढता येतो, आणि सगळ्यांनी तोच आवाज काढून काढून आता त्याचा जरा कंटाळाही आलाय. आलाय ना?

मी घेतला तो एका बटणासाठी. म्हणजे घेताना तेवढं कळलं नव्हतं, पण आता परत विचाराल तर तेवढ्या एका बटणासाठीच घेईन. स्किप-बॅक.

होतं काय की मशीन चालू असेपर्यंत ते जे काही वाजतंय त्याची मागची काही सेकंदं गुपचूप धरून ठेवत असतं, मूळ मशीनमध्ये पंचवीस सेकंद. तुम्ही रेकॉर्ड वगैरे काही दाबलेलं नसतं. नुसतं टाइमपास पॅड बडवताय, नॉब फिरवताय, आणि मधेच एखादी जागा अशी येते की अरे हे काय होतं? की ते एक बटण दाबायचं. गेलेलं परत येतं. स्क्रीनवर त्याचा वेव्हफॉर्म दिसतो, पाहिजे तेवढा तुकडा ठेवायचा, रिकाम्या पॅडवर टाकायचा, पुढे चालायचं. कल्पना नवीन नाही, रोलंडच्या जुन्या फँटम कीबोर्डांमध्येही स्किप-बॅक होतं, पण तिथे ते हजार गोष्टींपैकी एक होतं. इथे ते हाताशी आहे.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना यात विशेष काय ते कळणार नाही. पण ज्यांना लाल दिवा लागला की बोटं लाकडाची होतात त्यांना विचारा. मी नऊ-दहा वर्षं हार्मोनियम वाजवलंय, नंतर कीबोर्ड, आणि तरी रेकॉर्डिंगचा काउंट-इन 'एक दोन तीन चार' सुरू झाला की मला चौथीतल्या परीक्षेला बसल्यासारखं होतं. कारण सोपं आहे. रेकॉर्ड दाबलं म्हणजे तुम्ही जाहीर केलं की आता जे येईल ते ठेवण्याच्या लायकीचं असणार. परीक्षक जागा झाला. स्किप-बॅकमध्ये क्रम उलटा होतो. आधी वाजतं, मग ठरतं. ठेवायचं का नाही हा प्रश्न येतो, यायलाच पाहिजे, पण तो वाजवून झाल्यावर येतो, तोपर्यंत माल हातात असतो.

एक उदाहरण देते. रविवार सकाळ, मी मशीन घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलेले, फोनचाच साधा कॉलर माइक एका कन्व्हर्टरमधून इनपुटला लावून (ते कन्व्हर्टर प्रकरण खाली सांगते). आई पोळ्या करत होती. मी पोळपाटाचा आवाज घ्यायला गेले होते, लाटणं फिरताना पोळपाट खालच्या ओट्यावर जो डगडगतो तो आवाज, ठक-टकटक, ठक-टकटक, त्याला एक झुकता ठेका असतो, सरळ चारात बसत नाही. ते काय जमेना. माइक जवळ नेला की आई सावध होऊन हळू लाटायला लागायची. "तू रेकॉर्ड करतीयेस का? मग मी नीट लाटते थांब." म्हणजे आईचाही परीक्षक आहेच. शेवटी मी माइक तसाच ठेवून दिला, डिले (आवाज मागून परत परत आणणारा इफेक्ट) चालू ठेवून नुसते पॅड वाजवत बसले, आई विसरून गेली, आणि मग कुकरची शिट्टी झाली, त्यावर आई म्हणाली "अगं गॅस बारीक कर की, हात नाहीत का तुला", आणि ती शिट्टी, ते वाक्य आणि मागे तो पोळपाट हे सगळं डिलेमधून असं काही घरंगळत गेलं की मी गॅस बारीक करायच्या आधी ते बटण दाबलं. (गॅस नंतर केला. बोलणी खाल्ली.)

त्या तुकड्यातल्या 'हात नाहीत का' एवढ्यावर मी पुढचा सगळा ट्रॅक उभा केलाय. पिच खाली ओढून, तुकडे करून, शेवटच्या 'का' ला लूपरमध्ये अडकवून. लाल बटण दाबून हे सात जन्मात मिळालं नसतं, कारण ते मागून मिळण्यातलं नव्हतंच.

दुसरी गोष्ट जी मला औषधासारखी लागू पडली ती रीसँपलिंग. यात इफेक्ट पॅडला जोडून ठेवता येतात, पण ते बसवर (म्हणजे आवाज ज्यातून जातो त्या सामाईक वाटांवर) चालतात, आणि बस मोजक्याच आहेत. त्यामुळे दर वेळी वेगळा इफेक्ट पाहिजे असेल तर तो आवाज इफेक्टसकट परत रेकॉर्ड करून नव्या पॅडवर घ्यावा लागतो. एकदा घेतला की तो रिव्हर्ब त्यात मुरला. आता तो काढता येत नाही. जुना पॅड पुसला नसेल तर परत पहिल्यापासून करता येतं म्हणा, पण कोण करतंय. पहिले काही दिवस याचा भयंकर राग येतो, मला आला, हे काय मागासलेपण असं वाटलं. मग हळूहळू लक्षात येतं की रात्री साडेअकराला बसून आपण 'हा रिव्हर्ब जास्त झाला का' हा प्रश्न विचारतच नाहीयोत, कारण विचारून उपयोग नाही. झाला तर झाला, त्याच्यावर काय चढवायचं ते बोला.

पावसाळ्यात मी हे घेऊन नदीपात्रात गेले. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव चालू असतात तिथे, पुणेकरांना सांगायला नकोच, निम्म्या शहराला घरबसल्या ऐकू येतात. माझा एक मावसभाऊ एका पथकात आहे, त्याच्या ओळखीने पथकप्रमुखांना विचारून ताशे आणि टोल (ठोकून वाजवायची धातूची तबकडी) यांचे आवाज घेतले. विचारून घ्या बरं का, कुणाचंही वादन असं परस्पर उचलू नका. ढोल जवळून घ्यायला गेलं तर इनपुट फाटतंच, लेव्हल एकदम खाली ठेवावी लागते, तरी पहिले बरेच ठोके वाया गेले. लांबून, जरा बाजूने, पुलाच्या खांबावरून परत येणारा आवाज घेतला तो मात्र अफाट निघाला. टोलचा एक ठोका मी अर्ध्याहून खाली पिच करून ठेवलाय, तो माझा बेस आहे सध्या सगळ्या ट्रॅकमध्ये.

ताशाची गंमत सांगायची राहिली. मशीनमध्ये रोल नावाची सोय आहे, पॅड दाबून धरला की ठोका भराभर वाजत राहतो. मला वाटलं झालं, ताशाची तर्री फुकटात. वाजवली तर शिलाई मशीन. सगळे ठोके एकाच मापाचे, एकाच जोराचे. खऱ्या तर्रीत दोन काड्यांपैकी एक हात नेहमी जरा जड असतो आणि वादक दमत जातो तसा तो फरक वाढतो, आणि जीव त्यातच आहे. मग रोल बंद करून दोन पॅडवर दोन वेगळे ठोके टाकले आणि दोन बोटांनी वाजवायला लागले. वाईट वाजतं. माझ्या बोटांना तेवढा वेग नाही. पण मधे मधे दोन-तीन सेकंद जमून जातं, आणि तेवढं पकडायला ते बटण आहेच. मावसभावाला ऐकवलं, तो म्हणाला, "ताई, ताशा नाही वाटत हा, पण मिरवणुकीतनं लांब गेल्यावर कानात जे राहतं ना, तसं वाटतंय." इतक्या महिन्यांत माझ्या कामावर मिळालेला हा सगळ्यात उपयोगी शेरा. चांगलं-वाईट काही नाही, काय ऐकू आलं तेवढंच.

इथे जरा बाजूला जाते. अशा वेळी लोक धीर द्यायला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगतात. मुंबईचे सेशन म्युझिशियन, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडच्याच तीन मशिनांवर, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती काही खपली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला सापडली, २०१० मध्ये नव्याने निघाली आणि मग जगभर चर्चा, की अरे शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसच्या (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आधी हे मुंबईत झालं होतं. गोष्ट खरी आहे आणि मला फार आवडते, पण 'बघ, तुझंही वीस वर्षांनी कुणालातरी कळेल' असा जो तिचा वापर होतो त्याने माझं डोकं फिरतं. वीस वर्षांनी डच माणूस येणार म्हणून आज रात्री कुणी ट्रॅक पुरा करत नाही. मला त्यातलं दुसरंच आवडतं. नवीन मशिनं हातात आली, राग येतच होते, लावून बघितले दोन्ही एकमेकांना. बाकी आयुष्यभर कामाचा माणूस कामच करत राहिला. आणि गंमत म्हणजे ते टीबी-३०३ स्वतःच बाजारात आपटलं होतं, १९८४ पर्यंत बंदही झालं, म्हणून सेकंड-हँडमध्ये स्वस्तात मिळायला लागलं आणि म्हणूनच शिकागोच्या पोरांच्या हाताला लागलं. असो.

आता जे नाही आवडलं ते. स्क्रीन बारीक आहे, चाळिशीच्या जवळ आलेल्यांनी चष्मा जवळ ठेवा. निम्म्या गोष्टी शिफ्ट दाबून दुसरं बटण या पद्धतीने आहेत आणि त्या जोड्या पाठ करण्याला पर्याय नाही, मी पोस्ट-इटवर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवल्यात. प्रत्येक पॅडला स्वतःचा फिल्टर नाही, बसवरूनच जावं लागतं. पॅटर्नमध्ये वाजवलेला एखादा ठोका नंतर सरकवणं म्हणजे वैताग, अपडेटनंतर स्टेप पद्धतीने लिहायची सोय आली तेव्हा जरा बरं झालं. चांगली गोष्ट ही की अपडेट फुकट आहेत आणि बऱ्याच मोठ्या गोष्टी त्यातून आल्यात. बाहेरचं जे एसडी कार्ड बसतं तेही आपलं नेहमीचं मोठ्या आकाराचं, मोबाइलवालं लावायचं तर अडॅप्टर पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, जी मशीनची नाहीच. स्किप-बॅकने तुकडे सुटतात, गाणं नाही सुटत. पहिल्या महिन्यात माझ्याकडे तुकड्यांनी भरलेल्या बँका (सोळा-सोळा पॅडचे संच) झाल्या आणि मी खूश, म्हटलं ब्लॉक गेला. गेला कसला, उठून पुढच्या खोलीत जाऊन बसला. आता प्रश्न असा की एवढे सगळे जोडायचे कसे, सुरुवात कुठली, संपवायचं कुठे. तिथे परत तोच परीक्षक, तीच रांग. त्यावर मी सध्या असं करते की अरेंजमेंट करतच नाही. एका ट्रॅकचे सगळे आवाज एकाच बँकेत, सोळा पॅडमध्ये बसले पाहिजेत, सतरावा नाही. मग ते एका दमात लाइव्ह वाजवायचं, पाच-सहा मिनिटं, आणि तो स्टिरिओ आवाज सरळ लॅपटॉपवर घ्यायचा (हे यूएसबीवरून ऑडिओ इंटरफेस म्हणूनही चालतं, वेगळा डबा लागत नाही). हो, तिथे रेकॉर्ड दाबावंच लागतं. पण संध्याकाळी बसतानाच दाबून ठेवते आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली करते, तास-दीड तासात कधीतरी बरा टेक येतो, तो नंतर कापते. वेगळे ट्रॅक नसल्यामुळे नंतर किकला हात लावता येत नाही. चुकलेलं चुकलेलंच राहतं. ऑफिसच्या कानांना याचा फार त्रास होतो. होऊ दे.

अपलोड करायच्या आधीची रात्र मात्र तशीच जाते, यात मशीनने काही फरक पाडला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. छातीत तेच धडधडतं, पहाटे उठून काढून टाकावंसं वाटतं, आणि एक तर मी खरंच काढला, परत टाकला, परत काढला. एवढंच की आता काढायला काहीतरी असतं. आणि ज्यांचं हे गाण्यापुरतं न राहता झोपेवर, जेवणावर आलंय त्यांनी कृपया सँपलर घेऊ नका, ते पैसे घेऊन चांगल्या समुपदेशकाकडे जा, मी पण गेलेय, लाजण्यासारखं काही नाही.

घ्यावं का? तुमच्याकडे ढीगभर सुरू केलेल्या फाइली असतील आणि सगळ्या आठ बारवर अडलेल्या असतील तर विचार करा. तुम्हाला मुळात सुरुवातच करायची असेल तर आधी फोनवर कोआला सँपलर नावाचं अ‍ॅप घ्या, काही शे रुपयांत पॅड, सीक्वेन्सर, इफेक्ट सगळं मिळतं, मी दोन कलिगना तेच घ्यायला लावलं. फक्त तिथे आवाज घ्यायला पॅड दाबून धरायचा असतो, म्हणजे आता मी घेतेय हे माहीत असतंच, ज्यांना त्याचंच भ्यायला होतं त्यांना फरक पडेल. आणि फोन म्हटलं की मधे व्हॉट्सअ‍ॅप वाजणार. ज्यांचं सगळं छान चाललंय, ज्यांना ग्रिडवर काम करायला मजा येते, त्यांना हे मशीन बहुतेक चिडचिड देईल.

पाचपैकी चार. एक त्या शिफ्टच्या जोड्यांसाठी कापला.

सेकंड-हँड बघत असाल (मी तसाच घेतला, पस्तीस हजारांच्या आत, मुंबईच्या एका पोराकडून, दादर स्टेशनवर जाऊन) तर स्टेशनवर उभं राहून का होईना पण सोळाच्या सोळा पॅड आधी हळू मग जोरात वाजवून बघा, हळू मारलेलं लागतंय ना हे महत्त्वाचं. तिन्ही नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, आकडा उड्या मारत नाही ना. हेडफोनची दोन्ही भोकं तपासा. अडॅप्टर सोबत देत असतील तर त्यावरचा आकडा वाचा, या मशीनला ५.७ व्होल्टचा लागतो, जुन्या ४०४ चा किंवा गिटार पेडलचा ९ व्होल्टवाला लावू नका, 'सगळं चालतं हो' म्हणत तसा एक मला ऑनलाइन चिकटवला होता, नशीब की लावायच्या आधी बघितला. माइकसाठी जे कन्व्हर्टर लागतं ते आणि लाइन-आउटच्या दोन पाव इंची जॅकच्या केबली पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळतात, चांगल्या जाड घ्या. दुकानदार विचारेल, गिटारसाठी का? हो म्हणा आणि पैसे देऊन निघा, समजावत बसलात तर दुपार जाईल.